इयत्ता पाचवीची, वाचन दुसरीचे

महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाल्या, अनुत्तीर्ण मुलांसाठी फेरपरीक्षा आणि तीतही यश न आल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद झाली, तेव्हापासून पालक, शिक्षक आणि वर्तमानपत्रे पास-नापासाबद्दल हिरिरीने बोलत आहेत. एका बाजूचे म्हणणे असे, की परीक्षेचा धाक गेल्यामुळे मुले शिकेनाशी झाली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की नापासाच्या शिक्क्याने गरिबाचे मूल शाळेबाहेर पडेल. दुसऱ्या बाजूची भीती मला अधिक खरी वाटते. परंतु या वादात दोन्ही बाजूंच्या हातून एक प्रश्न निसटतो. जे मूल पाचवीत बसले आहे आणि दुसरीच्या पुस्तकातला उतारा अडखळत वाचते आहे, त्याला उद्या सकाळी वर्गात काय शिकवायचे? त्याला सहावीत पाठवले तर तिथे सहावीचे पुस्तक असते आणि पाचवीत ठेवले तर पुन्हा तेच पाचवीचे पुस्तक असते. दुसरीचे वाचन शिकवणारे कोणी या दोन्ही वर्गांत नसते.

या प्रश्नावर गेल्या पंचवीस वर्षांत भारतात जितके काटेकोर संशोधन झाले, तितके शालेय शिक्षणातल्या दुसऱ्या क्वचितच एखाद्या प्रश्नावर झाले असेल, आणि त्याची सुरुवात ज्या दोन शहरांत झाली त्यांपैकी एक मुंबई होती. 'प्रथम' या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेने महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नावाचा उपक्रम चालवला होता. वस्तीतलीच, दहावी-बारावीपर्यंत शिकलेली एखादी तरुणी वर्गातील मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी घेऊन बसे आणि त्यांना अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी अशा पायाभूत गोष्टी शिकवी. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डफलो, शॉन कोल आणि ली लिंडन या संशोधकांनी या उपक्रमाची परीक्षा घेतली. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार हे सोडतीने ठरवले गेले, त्यामुळे 'चांगल्या शाळांनाच बालसखी मिळाली असेल' या शंकेला जागा उरली नाही.

पहिल्या वर्षी गुणांत ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाइतकी वाढ दिसली. या आकड्याचा अर्थ साध्या शब्दांत सांगायचा तर असा, की कमी गुणांपासून जास्त गुणांकडे लावलेल्या शंभर मुलांच्या रांगेत मधोमध असलेले मूल दुसऱ्या वर्षाच्या वाढीमुळे साधारण एकसष्टाव्या जागेवर पोहोचते. सर्वाधिक फायदा सर्वांत मागे पडलेल्या मुलांना झाला. मला यातला दुसरा निष्कर्ष त्याहून महत्त्वाचा वाटतो. पंधरा-वीस मुले बालसखीकडे गेल्यामुळे नियमित शिक्षकाच्या वर्गातला पट रोज दोन तास कमी होत होता, पण तिथे उरलेल्या मुलांच्या गुणांत उल्लेखनीय फरक पडला नाही. म्हणजे केवळ पट कमी केल्याने शिकणे वाढले नाही. बालसखीपाशी शिक्षकापेक्षा कमी शिक्षण होते, तिचे मानधन पगाराच्या तुलनेत नगण्य होते, प्रशिक्षणही थोडक्यात उरकलेले होते. तिला एकच मोकळीक होती, जी शिक्षकाला नव्हती: तिला कोणत्याही इयत्तेचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा नव्हता. मूल जिथे होते तिथून ती सुरुवात करू शकत होती.

मागे पडणे ही काही थोड्या मुलांची अडचण असती, तर ती शिकवणीवर सोपवून मोकळे होता आले असते. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेच पायाभूत वाचन-लेखन आणि अंकज्ञान न आलेल्या प्राथमिक स्तरावरील मुलांची संख्या पाच कोटींहून अधिक असावी असा अंदाज दिला आहे. मुलांचे वाचन-गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या आणि दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते, करोनानंतर २०२२ मध्ये ते १६.३ वर आले आणि २०२४ मध्ये २३.४ झाले. ही सुधारणा आनंदाची आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. तरीही चारांतील तीन मुले तिसरीच्या वर्गात बसून तिसरीच्या पुस्तकापर्यंत पोहोचलेली नाहीत, आणि पुस्तक तर पुढे सरकत राहते. दिल्लीत मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांनी केलेल्या अभ्यासात सहावीतील मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आढळली, तर नववीतील मुले साडेचार इयत्ता मागे. दर वर्षी शिकण्याची गती आणि अभ्यासक्रमाची गती यांतले अंतर साचत जाते आणि नववीत आपण त्या मुलाला 'अभ्यासात लक्ष नाही' असे म्हणून मोकळे होतो.

वाचनाच्या बाबतीत आपल्या लिपीचा विचार करणेही आवश्यक आहे. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड माध्यमाच्या मुलांवर केलेल्या संशोधनात दाखवून दिले, की भारतीय अक्षरलिपी आत्मसात होण्याचा काळ इंग्रजी वर्णमालेपेक्षा बराच लांब असतो आणि तिसरी-चौथीपर्यंत मुले नवी अक्षरे, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे शिकत असतात. मराठीची बाराखडी आणि जोडाक्षरे पाहिली तर इथे वेगळे काही घडत असेल असे मानण्याचे कारण नाही. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातील यादगीर आणि आपल्या पालघर जिल्ह्यातील वाडा येथे पहिली ते तिसरीच्या मुलांचा जो दीर्घकालीन अभ्यास केला, त्यातही तिसरी संपताना अनेक मुलांचे वाचन प्राथमिक पायरीवरच थांबलेले दिसले. अक्षरज्ञान पहिलीत आटोपले असे गृहीत धरून चालणारी पाठ्यपुस्तके आणि तिसरीत अजून मात्रा-वेलांटीशी झटणारे मूल, यांत मुलाला दोष देण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मूल जिथे आहे तिथून शिकवावे, हे तत्त्व ऐकताना इतके सरळ वाटते, की ते शिक्षकांना प्रशिक्षणात सांगितले, पुस्तिका वाटल्या, परिपत्रक काढले म्हणजे झाले, असे कोणालाही वाटेल. नेमके हेच करून पाहिले गेले आहे आणि ते अपयशी ठरले आहे. २००८ मध्ये बिहारच्या पश्चिम चंपारण जिल्ह्यात उन्हाळी सुटीत सरकारी शिक्षकांनीच मागे पडलेल्या मुलांसाठी महिनाभराचे वर्ग चालवले, आणि एवढ्या अल्पकाळातही मुलांचे वाचन मोजता येईल इतके सुधारले. त्यानंतर शाळा सुरू झाल्यावर तेच प्रशिक्षण आणि तेच साहित्य नियमित वर्गांसाठी दिले गेले, तेव्हा काहीही फरक दिसला नाही. शिक्षक त्याच सरकारी सेवेतले होते, पद्धतही तीच होती. ज्या गावांत प्रशिक्षणाच्या जोडीला शाळेच्या वेळेबाहेर शिकवणारे स्वयंसेवक होते, तिथे मात्र परिणाम दिसला. उत्तराखंडात स्वयंसेवकांनाही शाळांनी नेहमीच्या वर्गांवर शिकवायला लावले आणि तिथे पुन्हा शून्य.

बिहारच्या या अनुभवाची चर्चा आपल्याकडे पुरेशी झालेली नाही याचे मला वाईट वाटते, कारण 'सरकारी शिक्षक शिकवतच नाहीत' हे सरसकट विधान त्याने खोटे ठरवले आहे. सुटीत, जेव्हा पाठ्यपुस्तक संपवण्याचे बंधन नव्हते, तेव्हा त्याच शिक्षकांच्या हातून मुले शिकली. जूनपासून (तिकडे जुलैपासून म्हणा) त्यांच्यावर पुन्हा इयत्तेचा अभ्यासक्रम पूर्ण करण्याची जबाबदारी आली आणि नवे साहित्य बाजूला पडले. अर्थात हा निष्कर्ष शिक्षकांना दोषमुक्त करण्यासाठी मांडलेला नाही. दोष नेमका कुठे आहे ते कळले तरच तो दूर करता येतो, एवढ्यासाठी तो मांडला आहे.

शिक्षणहक्क कायद्याचे कलम २४ या संदर्भात लक्षपूर्वक वाचावे. शिक्षकाने ठरलेल्या वेळात संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करावा, असे त्यातले एक उपकलम सांगते. त्याच्या लगेच पुढचे उपकलम सांगते, की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिक्षण द्यावे. दोन्ही कर्तव्ये एकाच कायद्याने, एकापाठोपाठ, एकाच शिक्षकावर टाकलेली आहेत. पण तपासणीला आलेले विस्तार अधिकारी किंवा केंद्रप्रमुख काय पाहतात? वार्षिक नियोजन, घटक नियोजन, किती पाठ झाले, वह्या तपासल्या का, पोर्टलवर माहिती भरली का. पहिल्या कर्तव्याचा पुरावा कागदावर दाखवता येतो, म्हणून ते तपासले जाते. दुसऱ्या कर्तव्यासाठी वेळापत्रकात तासिकाच नाही. ज्या कामासाठी तासिका नाही आणि ज्याबद्दल कोणी विचारत नाही, ते काम शिक्षकाने स्वतःच्या तळमळीवर करावे अशी अपेक्षा आपण धरतो. महाराष्ट्रात असे तळमळीचे शिक्षक जिल्हा परिषदेच्या शाळांत जागोजागी आहेत. त्यांच्यावर राज्याचे धोरण उभे करता येणार नाही.

हरियाणात २०१२-१३ मध्ये ही गाठ सोडवण्याचा गंभीर प्रयत्न झाला. तिथे शाळेच्या दिवसात एक तास केवळ या कामासाठी राखून ठेवला गेला. त्या तासाला इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे त्यांच्या वाचनाच्या स्तरानुसार गट केले जात. याहून विशेष म्हणजे पर्यवेक्षकांना आधी प्रशिक्षण देऊन त्यांनी स्वतः पंधरा-वीस दिवस शाळेत वर्ग घेतले आणि मगच ते शिक्षकांना मार्गदर्शन करू लागले. हिंदी वाचनात सुमारे ०.१५ प्रमाण विचलनाची वाढ झाली, आणि ती सरकारी शिक्षकांनी, शाळेच्या वेळेत, कोणत्याही स्वयंसेवकांशिवाय घडवली. त्याच राज्यात, त्याच काळात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर नोंदी ठेवून मुलाची प्रगती जोखण्याच्या पद्धतीचीही, परीक्षा घेतली गेली. त्याचा शिकण्यावर उल्लेखनीय परिणाम आढळला नाही. आपल्याकडे २०१० पासून याच मूल्यमापनाच्या नोंदवह्या भरण्यात शिक्षकांचे किती तास गेले, हे प्रत्येक प्राथमिक शिक्षक जाणतो. वर्णनात्मक नोंदी लिहिण्यामागचा हेतू चांगलाच होता. परंतु मुलाचा स्तर कळल्यानंतर दुसऱ्या दिवशीचे शिकवणे बदलणार नसेल, तर तो कळून मुलाला काय मिळाले?

हीच शंका आपल्या चाचण्यांबाबत आहे. पायाभूत चाचणी, संकलित चाचणी, अध्ययन स्तर निश्चिती अशा अनेक नावांनी महाराष्ट्राने मुलांचे मोजमाप केले आहे. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाने 'प्रत्येक मूल शिकू शकते' हे वाक्य शाळाशाळांत पोहोचवले आणि त्यातून अनेक शिक्षक खरोखर पेटून कामाला लागले, हे श्रेय द्यायलाच हवे. २०२५ मध्ये पायाभूत वाचन-गणितासाठीचा निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी आला. दिशा योग्य आहे. माझी काळजी वेगळी आहे. आपण हे काम मोहीम म्हणून करतो, आणि मोहिमेला अंतिम तारीख असते. बालसखीच्या अभ्यासातच असे आढळले, की उपक्रम थांबल्यानंतर वर्षभराने मिळवलेला फायदा सुमारे ०.१० प्रमाण विचलनावर आला. जे मूल उन्हाळ्याच्या तोंडावर गोष्ट वाचू लागले, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा न पेलणारे पुस्तक दिले तर हाती आलेले टिकणार कसे?

स्तरानुसार शिकवण्याच्या तासात प्रत्यक्षात काय घडावे, हेही सांगायला हवे, कारण 'स्तरनिहाय अध्यापन' म्हणजे मुलांना सोप्या कार्यपत्रिका देऊन बसवणे, असा समज रूढ आहे. शिक्षक प्रत्येक मुलाला जवळ बसवून काही मिनिटे वाचायला लावतो: अक्षरे, साधे शब्द, छोटा उतारा, मग गोष्ट. त्यावरून गट ठरतात. अक्षरांच्या गटात बाराखडीचा तक्ता असतो, पण तो नुसता घोकण्यासाठी नसतो. त्यातून शब्द बनवणे, शब्दांचे खेळ, जमिनीवर लिहिणे, असे चालते. प्रत्येक गटात, अगदी अक्षर न येणाऱ्या गटातसुद्धा, रोज एक गोष्ट मोठ्याने वाचली जाते, तिच्यावर बोलणे होते आणि मुले आपल्या मनाने काहीतरी लिहितात. अंकांसाठी काड्यांचे सुटे आणि गठ्ठे असतात, खेळातल्या नोटा असतात. मूल वाचू लागले की महिना संपण्याची वाट न पाहता ते पुढच्या गटात जाते. उत्तर प्रदेशातील उन्नाव आणि सीतापूर जिल्ह्यांत २०१३-१४ मध्ये अशीच शिबिरे सरकारी शाळांत दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांनी घेतली गेली. वर्षभरात मिळून पन्नासेक दिवस भरले. त्यात ०.७ प्रमाण विचलनाच्या आसपास वाढ झाली आणि उतारा किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण इतर शाळांच्या तुलनेत जवळपास दुप्पट झाले. तिथे शिकवण्याची धुरा 'प्रथम' संस्थेच्या कार्यकर्त्यांकडे होती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्या शिक्षकांकडून मागणे अन्यायाचे होईल. पण मुले शिकू शकत नाहीत हे म्हणणे त्यानंतर कोणी मांडू नये.

या मांडणीवर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप तुकड्यांचा आहे. गुणांवरून 'अ' तुकडी हुशारांची आणि 'ड' तुकडी 'ढ' मुलांची, ही पद्धत महाराष्ट्रातल्या मोठ्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि तिने किती मुलांचा आत्मविश्वास मारला याची मोजदाद नाही. स्तरनिहाय गट म्हणजे तीच पद्धत मागच्या दाराने आणणे नव्हे काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. केनियात डफलो, पास्कलिन ड्युपा आणि मायकेल क्रेमर यांनी केलेल्या प्रयोगात पहिलीचे वर्ग आधीच्या गुणांवरून दोन भागांत विभागले, तर वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही वर्गांतील मुलांचा फायदा झाला. तरीही तुकड्या पाडण्याच्या बाजूने मी तो पुरावा वापरणार नाही. आपल्या समाजात 'ड' तुकडीत कोणत्या वस्तीतली आणि कोणत्या जातींची मुले जमा होतात, हे आपण पाहिलेले आहे, आणि गुणांची वाढ त्या अपमानाची भरपाई करू शकत नाही. म्हणून अटी स्पष्ट हव्यात: गट दिवसातल्या त्या एका वेळेपुरताच, वाचनाचा वेगळा आणि गणिताचा वेगळा, दर काही आठवड्यांनी बदलणारा, उरलेला दिवस सगळी मुले आपापल्या इयत्तेत एकत्र. द्विशिक्षकी शाळांत तर पहिली ते चौथीची मुले आधीपासूनच एका वर्गात बसलेली असतात. तिथे तिसरीची मुलगी चौथीच्या मुलांबरोबर गोष्ट वाचते आहे, याचे कोणाला नवलही वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा, की या साऱ्या संशोधनात वाचन म्हणजे केवळ अक्षरे सफाईने उच्चारणे, एवढाच संकुचित अर्थ धरला जातो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या परिसरातून, गाण्यांतून, हाताच्या कामातून शिक्षण उभे केले. त्या वारशाच्या राज्यात आपण 'अक्षर-शब्द-उतारा-गोष्ट' या शिडीवर समाधान मानावे का? मानू नये. गोष्ट वाचता येणे हा शिक्षणाचा शेवट नाही. पण पाचवीतल्या मुलाला ती वाचता येत नसेल, तर परिसर अभ्यास, विज्ञान आणि इतिहास हे सारे विषय त्याच्यासाठी बंद दारे आहेत. शिवाय या मोजमापाची एक मर्यादा महाराष्ट्राने विशेष ध्यानात ठेवावी: मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी-माडिया किंवा नंदुरबारमधील भिली बोलणाऱ्या मुलाचा मराठी वाचनाचा स्तर मोजताना त्याचे मराठी भाषेचे ज्ञानही नकळत मोजले जाते. अक्षर गटात बसलेल्या त्या मुलाला कदाचित अक्षरांपेक्षा भाषेची अडचण असेल, आणि त्याला शिकवणाऱ्याला त्याची भाषा येत नसेल, तर कोणतीही शिडी पुरणार नाही. गणिताबाबतही सबुरीने बोलावे लागेल, कारण हरियाणात वाचन सुधारले तरी गणितात वाढ दिसली नव्हती.

असे असूनही निर्णय घेण्याइतका पुरावा आपल्यापाशी नक्कीच आहे. दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकात रोज दीड तास स्तरानुसार शिकवण्यासाठी कायमचा राखला जावा. तो बाकीच्या तासिकांवर चढवलेला भार असू नये. त्यासाठी त्या इयत्तांचा अभ्यासक्रम उघडपणे कमी करण्याची जबाबदारी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने आणि बालभारतीने घ्यावी. ती न घेता शिक्षकाला 'दोन्ही करा' म्हणणे म्हणजे पश्चिम चंपारणचे अपयश माहीत असूनही पुन्हा करून पाहणे होईल. केंद्रप्रमुखाने वर्षाच्या सुरुवातीला आपल्या केंद्रातील एखाद्या शाळेत पंधरा दिवस असा वर्ग स्वतः चालवावा आणि त्यानंतर शाळाभेटीत पहिला प्रश्न विचारावा, की मागच्या भेटीनंतर कोणती मुले कोणत्या गटातून पुढे गेली आणि कोणती तिथेच आहेत. नियोजनाच्या वह्या त्यानंतर पाहाव्यात. आणि पाचवीच्या परीक्षेत एखादे मूल अनुत्तीर्ण होईल, तेव्हा त्याला वर्गात ठेवण्याचा निर्णय लिहिण्याआधी शाळेने लेखी नोंदवावे, की दुसरीपासून आजवर त्याच्या स्तरावर त्याला किती दिवस शिकवले गेले. ती नोंद कोरी असेल, तर त्या मुलाला मागे ठेवण्याचा अधिकार शाळेला असू नये.